पिवळा इशारा संपला तरी पहाटेचं धुकं उरतं

प्रश्न असा आहे: नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला बुधवारी-गुरुवारी हवामान खात्याचा पिवळा इशारा (सावध राहा), 'तुरळक ठिकाणी मेघगर्जना व विजांसह पाऊस', शुक्रवारपासून नकाशा हिरवा, म्हणजे इशारा नाही. मग शुक्रवारी पहाटे टेम्पो नवी मुंबईतल्या वाशीच्या बाजाराला काढावा का?

मला त्या हिरव्या शुक्रवारचीच जास्त काळजी वाटते. अवकाळीने जमीन भिजलेली असते. ढग सरले की रात्री ती झपाट्याने थंड होते, आणि वारा पडलेला असला तर ओल तिथेच धुक्यात जमते. म्हणून पावसानंतरची पहिली निरभ्र रात्र संशयाची धरा. गोदावरी-कादवेच्या काठाला, पाणी दिलेल्या उसाच्या पट्ट्यात आणि सखल फरशीपुलांवर ते आधी धरतं. जिल्ह्याच्या इशाऱ्यात अशी एखाददुसरी जागा दिसत नाही.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता तीन गोष्टी बघा. आकाश मोकळं होतंय का? वारा ताशी ५ किमीच्या आत आहे का? आणि दवबिंदू तापमान, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली ओल जमायला लागते ते, किती? रात्रीचं अपेक्षित किमान तापमान त्या दवबिंदूच्या बरोबरीने किंवा खाली जात असेल, तर धुकं गृहीत धरा. उत्तरेचा कोरडा वारा चांगला सुटला तर मात्र थंडी वाढेल, धुकं टिकणार नाही. हे आज सोमवारी कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. चौथ्या-पाचव्या दिवसाचा अंदाज फक्त कल दाखवतो.

निघायची वेळ हा खरा मुद्दा. धुकं सहसा पहाटे तीननंतर दाटतं आणि पुष्कळदा सूर्य उगवल्यावर थोडा वेळ आणखी घट्ट होतं. त्यामुळे 'उजाडलं की निघू' हा हिशेब फसतो. एक तर मध्यरात्रीपूर्वी सखल पट्टा ओलांडून घोटीपुढे जा, नाहीतर साडेआठ-नऊची वाट बघा. बाजार चुकेल, पण इलाज नाही.

हवामान खात्याच्या भाषेत दृश्यमानता २०० मीटरच्या आत आली की दाट धुकं, ५० च्या आत अति दाट. भरलेला टेम्पो ताशी ६० ने चालला असेल, तर धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच (अडीच सेकंद धरून) सुमारे ४० मीटर जातात आणि ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी पस्तीसेक. ५० मीटर दिसत असताना ३० च्या वर जाऊ नका. दिवे लो बीमवर ठेवा, हाय बीमने समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, वळताना मागच्याला काही कळत नाही. काच आतून धुरकटली तर ब्लोअर काचेवर सोडा. थांबायचंच असेल तर डांबर पूर्ण सोडून ढाब्याच्या आवारात थांबा. रस्त्याकडेला उभ्या गाडीचा टेललॅम्प बघून मागचा ती चालती समजतो आणि येऊन धडकतो.

आता बुधवार-गुरुवार. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे फार तर पाव भागात पाऊस. तुमच्याकडे काहीच न पडणं शक्य आहे, पण वीज पडायला तेवढं पुरतं. धोका मुख्यतः दुपारनंतर आणि संध्याकाळी. कांद्याच्या पोळीवर (ढिगावर) ताडपत्री दुपारी एकच्या आत टाकून दोर आवळा. गडगडाट सुरू झाल्यावर कोणालाही धावायला लावू नका. चमक आणि आवाजातले सेकंद मोजा, तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की पक्क्या घरात किंवा काचा बंद करून टेम्पोच्या केबिनमध्ये. द्राक्षबागेत थांबू नका: लोखंडी अँगल आणि तारांमधून लांब पडलेल्या विजेचा प्रवाहही ओळीभर फिरतो. विहिरीवरचा मोटारीचा स्टार्टर आधीच बंद करून ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजा दाखवतं, पण शेतात रेंज गेली की ते निरुपयोगी, तेव्हा कान उघडे ठेवा.

खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा नारिंगी (पिवळ्याच्या वरचा) झाला, तर आठवड्याचा नकाशा विसरा आणि तोच धरा.