शिकलेली माणसंसुद्धा देव का मानतात? पुरावा काय?

पुरावा पाहून देव मानायला लागलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. शिकलेले लोक देव मानतात ते न शिकलेल्यांसारखेच, घरातून आलेला असतो म्हणून. युक्तिवाद मागाहून गोळा होतात. नैयायिकांचा, म्हणजे न्याय दर्शनवाल्यांचा, तर जुनाच आहे: घट आहे म्हणजे कुंभार असणार, जग आहे म्हणजे कर्ता असणार. दुसरीकडे मीमांसक, म्हणजे वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे, वेद आणि यज्ञ सोडायला तयार नव्हते, पण जगाचा कर्ता ईश्वर काही त्यांनी मानला नाही. तेव्हा 'आपली परंपराच आस्तिक' म्हणून समोरच्याला गप्प करणाऱ्यांनी आधी थोडं वाचावं. आमच्या अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था आहे, लांब जायची गरज नाही.

न मानणाऱ्यांचं मोठं कारण म्हणजे, देव दयाळू आहे तर निरपराध माणसाचं वाटोळं का होतं? यावर माझ्याकडे घरचाच अनुभव आहे.

चोपडा तालुक्यात आमची केळी. घरात कानबाई, आमची खानदेशातली देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, भाऊबंद जमतात, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन नैवेद्याचे रोट होतात. मोजायचे पुरुष आणि खपायचं बायकांनी! पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, वर रात्रभर जागरण. वाटण्या झाल्यावर माझ्या घरचे रोट मी बंद केले. माय रडली. तात्या, म्हणजे माझे चुलते, बोलेनासे झाले.

पुढच्या उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर वादळ आलं आणि कापणीवर आलेली बाग घडांसकट झोपली. तात्या बांधावर आले. पाणी विचारलं नाही, हात पाठीवर ठेवला नाही. म्हणाले, "रोट बंद कयात ना, कानबाई कोपनी." मजुरांसमोर.

शेजारची बाग उभी होती, हा त्यांचा पुरावा. शेजारी रोट बसवतो हे खरं. पण त्याच्या पश्चिमेच्या बांधावर वारा अडवणाऱ्या शेवरीच्या झाडांची दाट दुहेरी रांग आहे, हेही खरं. केळीला लाकडाचं खोड नसतं, नुसती पानांच्या देठांची गुंडाळी. मुळं उथळ, वर घडाचं वजन. आडोसा नसेल तर ती पडणारच. आणि आमच्याच भाऊबंदांत ज्यांनी रीतसर रोट केले, त्यांच्याही बागा त्या दिवशी गेल्या. हे दाखवल्यावर तात्या म्हणाले, "ती परीक्षा आहे." म्हणजे रोट न करणाऱ्याची पडली तर कोप, करणाऱ्याची पडली तर परीक्षा, वाचली तर कृपा. असा देव हरणार कसा?

मी त्यांना विचारलं, काय घडलं तर तुम्ही म्हणाल की कानबाईचा याच्याशी संबंध नाही? उत्तर नाही. त्यांनी उलट मला विचारलं. मी सांगितलं, शेवरी नसलेल्या शेतांत रोटवाल्यांच्या बागा उभ्या आणि बाकीच्यांच्या आडव्या, असं ओळीने काही वर्षं होऊ दे, पहिलं नारळ मी फोडतो. त्यावर "देवाची परीक्षा घेतोस का?" म्हणून ते उठून गेले. परीक्षा फक्त त्यानेच घ्यायची असते, बहुतेक.

आता हेही सांगतो, यातून फक्त कोपणारा देव निकालात निघतो. जग मुळात का आहे, या प्रश्नाचं उत्तर वादळात सापडत नाही. आणि दवाखान्याबाहेर हात जोडून बसलेल्या माणसाला पुरावा मागणारा नास्तिक मला तात्यांइतकाच नकोसा वाटतो. माझी बायको आता भावजयीकडच्या रोटाला जाते, गाणी म्हणते, मजेत येते. माझी हरकत नाही.

तुमच्या घरी यावरून वाद चालू असेल तर मूर्ती, पोथी, विज्ञान यांत शिरू नका. समोरचा तुमच्या नुकसानीत देवाचा न्याय दाखवायला लागला, की एवढंच विचारा: बांधावर शेवरी किती?