फुकट मिळणाऱ्या पोनीचा वर्षाचा हिशेब

प्रश्न: आमची मुलगी ९ वर्षांची आहे, दोन वर्षांपासून घोडेस्वारी शिकते. ओळखीच्या एका बाईंकडे १७ वर्षांची शांत पोनी आहे, वजन साधारण २५० किलो. त्यांचा मुलगा आता उंच झाला, त्यामुळे ती नुसती उभी असते. मालकी स्वतःकडे ठेवून त्या ती आम्हाला सांभाळायला द्यायला तयार आहेत, एक पैसाही न घेता. तबेल्याचं भाडं आणि चारा धरला तर आमच्या महिन्याच्या शिलकीतला निम्मा भाग जाईल. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाकरता बाजूला टाकतो ती रक्कम काही काळ अर्धी करावी, असं मनात आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो. पोनी घ्यावी का?

उत्तर: या अटींवर नको. अटी बदलून, आणि सुरुवातीला अर्धीच जबाबदारी घेऊन, जरूर घ्या.

पोनी फुकट मिळते म्हणजे फक्त खरेदीची किंमत वाचते. ती किंमत एकदाच मोजायची असते. पोट रोज भरावं लागतं. बाई मनाने उदार असतील, पण या व्यवहारात त्यांच्या डोक्यावरचा दरमहाचा खर्चही उतरतो आहे. तेव्हा त्यांच्याकडे अटी मागायला संकोच करू नका.

खरं घोडं पेंड खातं ते तुमच्या खर्चाच्या यादीत. तीत दर महिन्याला येणारे खर्च आहेत, वर्षातून मोजक्या वेळा येणारे नाहीत. नालबंदाला दर सहा ते आठ आठवड्यांनी बोलवावं लागतं. नाल ठोकली नाही तरी खूर तासावे लागतातच. दात वर्षातून एकदा तरी तपासून घासून घ्यायचे असतात, या वयात कदाचित दोनदा. धनुर्वात आणि घोड्यांच्या फ्लूची लस, जंतांची तपासणी, विमा, खोगिराची दुरुस्ती, तुम्ही गावाला गेलात की मोतद्दाराचे पैसे हेही त्यातच. मुलीचे धडेही थांबणार नाहीत, कारण पोनी आली म्हणून शिकवणारं माणूस लागत नाही असं होत नाही. हे सगळं वर्षाचं मांडा, बाराने भागा आणि मग शिलकीशी ताडून पाहा. निम्मा हा आकडा टिकेल असं मला वाटत नाही.

चाऱ्याचा अंदाज मात्र सरळ आहे. पोनीला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे तुमच्या पोनीला चार ते पाच किलो. वर्षाचा साधारण दीड टन किंवा त्याहून जास्त. कुरणात गवत भरपूर असेल तर हा खर्च वाचेल असं वाटतं, आणि इथेच बरेच पालक फसतात. पोन्यांना कमी खाऊन तगायची सवय असते. कोवळ्या गवतातली साखर त्यांना सोसत नाही. लठ्ठपणा येतो आणि त्यातून लॅमिनायटिस होऊ शकतो, म्हणजे खुराच्या आतल्या थराला सूज येऊन हाडाची पकड सैल होते. मग एक्स-रे, खास पद्धतीने खूर तासणं, कित्येक आठवड्यांची विश्रांती. तितके दिवस भाडं चालूच, आणि मुलीला बसायला दुसरा घोडा भाड्याने घ्यायचा.

पंधरा वर्षांपुढच्या पोन्यांमध्ये कुशिंगचा आजारही, म्हणजे हार्मोन्सचा बिघाड, बऱ्यापैकी दिसतो. त्याची गोळी रोजची आणि जन्मभराची. पोटशूळ उठला आणि शस्त्रक्रियेची वेळ आली, तर ते एक बिल तुमच्या वर्षभराच्या हिशेबावर पाणी फिरवू शकतं. विमा आहे, पण आधीपासूनचे आजार त्यात धरत नाहीत आणि म्हाताऱ्या घोड्यांसाठी बऱ्याच पॉलिसी फक्त अपघातापुरत्या उरतात. म्हणून आधी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या. फुकटच्या जनावराची कसली तपासणी, असं म्हणू नका. बाईंकडून जुने उपचारांचे कागदही मागून घ्या. पोनीने कुणाला लाथ मारली किंवा ती रस्त्यावर पळाली, तर होणाऱ्या नुकसानीचा विमा मात्र कुठल्याही परिस्थितीत हवा, आणि पोनी तुमच्या ताब्यात आहे हे विमा कंपनीला लेखी कळवलेलं हवं.

आता वेळ. सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या, लीद काढणं, पाणी, खरारा, पाय उचलून खूर साफ करणं. नऊ वर्षांची मुलगी उत्साहाने मदत करेल, पण जबाबदारी तिच्यावर टाकता येत नाही. दोघांच्या नोकऱ्या सांभाळून हे जमणार नसेल तर सगळी देखभाल तबेल्यानेच करायची, असा महाग पर्याय घ्यावा लागेल. तुम्ही धरलेलं भाडं नुसत्या जागेचं आहे की देखभालीसकट, हे पत्रात नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक तिथेच पडेल.

या व्यवहारात एक खरा फायदा आहे: बाहेर पडता येतं. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त भार नको, असा ढोबळ नियम आहे. तुमच्या पोनीला तो खोगिरासकट ५० किलो पडतो. मुलगी तीन-चार वर्षांत त्या मर्यादेला पोचेल, शिवाय पाय खाली लोंबायला लागतील ते वेगळंच. पोनी मात्र पंचवीस-तीस वर्षं जगू शकते. विकत घेतली असती तर त्या म्हातारपणाचा खर्च तुमचा होता. इथे तो मालकिणीचा राहायला हवा, आणि तो तिचाच आहे हे कागदावर हवं.

म्हणून पोनी परत करायची किंवा परत मागायची तर किती दिवस आधी कळवायचं, ते करारात दोन्ही बाजूंसाठी ठरवा, नाहीतर त्या उद्या पोनी विकायला काढतील आणि घरात रडारड होईल. मोठ्या उपचाराचा खर्च किती रकमेपर्यंत तुमचा आणि त्यापुढे कुणाचा, हेही लिहा. सगळ्यात अवघड कलम आताच बोलून घ्या: पोनीला वेदनेतून सोडवायची वेळ आली तर निर्णय कुणाचा, आणि मालकीणबाईंचा फोन लागला नाही तर कुणी घ्यायचा. खोगीर-लगामाची यादी आणि पोनीचे सर्व बाजूंनी फोटो जोडा.

शिक्षणाच्या बचतीला हात लावू नका. पोनीचा छंद त्या रकमेवर उभा राहत असेल, तर तो आज तुम्हाला परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याऐवजी बाईंना सहा महिने अर्धी वाटणी सुचवा: आठवड्यातले तीन दिवस तुमचे, खर्चही त्याच प्रमाणात. त्यात एक खराब हवामानाचा मोसम नक्की येऊ द्या. चिखलात आणि अंधारात तबेल्यात जायला मुलगी किती तयार असते, ते तेव्हाच कळेल. पूर्ण पोनीसाठी जी रक्कम काढणार होतात, ती दर महिन्याला पूर्णच काढा. वाटणीचा खर्च भागून उरेल तो वेगळ्या खात्यात पशुवैद्यासाठी ठेवा. घरातल्या अडीअडचणीच्या पैशात तो मिसळू नका. त्या खात्यात पोनीचा तीन महिन्यांचा पूर्ण खर्च आणि विम्याच्या दाव्यात आधी तुम्हाला स्वतः भरावी लागणारी रक्कम जमली, की बाईंकडे पूर्ण कराराचा विषय काढा.