आई-वडिलांना मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमध्ये एक रात्र राहायला न्यावे का? तेथे राहण्याचा अनुभव कसा असतो?

आपण लिहिले आहे की आपले वडील निवृत्त शिक्षक आहेत, आई-वडील दोघेही सांगलीला राहतात, आणि लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी त्यांना ताजमहाल पॅलेसमध्ये एक रात्र राहायला न्यावे असे आपल्या मनात आहे. दोन शंका आपल्याला सतावत आहेत. तेथे ते अवघडून जातील का, आणि एका रात्रीसाठी होणारा एवढा खर्च सार्थकी लागेल का? मी माझ्या सासूबाईंना घेऊन तेथे राहिले आहे आणि कामानिमित्त इतर शहरांतील पंचतारांकित हॉटेलांतही राहण्याचे प्रसंग आले आहेत. त्यावरून माझे मत असे की त्यांना जरूर न्यावे, मात्र खोली जुन्या इमारतीतच घ्यावी आणि तो सबंध दिवस हॉटेलसाठी मोकळा ठेवावा. मुंबई-दर्शन, नातेवाइकांच्या भेटी आणि खरेदी यांच्या मधोमध ताजचा मुक्काम बसवला, तर रात्री दमून झोपण्यापुरतीच ती खोली वापरली जाते, आणि मग खर्च खरोखरच जास्त वाटतो.

अवघडलेपणाबद्दल आधी सांगते, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा मला तोच वाटतो. आपल्या आई-वडिलांच्या पिढीतील माणसांना महाग वस्तूंचे दडपण फारसे येत नाही. आपल्यामुळे कुणाला तरी त्रास होतो आहे किंवा आपण काही चुकीचे करतो आहोत, या भावनेचे येते. दारात गाडी थांबताच सामान उतरवायला माणूस धावतो, सामान तपासणीच्या यंत्रातून जाते, आपल्यालाही सुरक्षा-चौकटीतून जावे लागते, आणि आत पाऊल टाकताच कुणीतरी नमस्कार करून नाव विचारते. या पहिल्या दहा मिनिटांत वडीलधारी माणसे सर्वाधिक संकोचतात. माझ्या सासूबाईंनी औषधांची आणि डब्याची कापडी पिशवी घट्ट धरून ठेवली होती. सामान घेणाऱ्या मुलाने ती ओढून घेण्याचा आग्रह धरला नाही. "आजी, ही तुमच्याजवळच राहू द्या, बाकीचं मी वर आणतो," असे तो सरळ मराठीत म्हणाला आणि त्यांच्या चालीने, एक पाऊल मागे राहून, उद्वाहनापर्यंत सोबत आला. त्यानंतर सासूबाईंचा संकोच बराच निवळला. उत्तम हॉटेलातील सेवेची खरी परीक्षा मी अशाच प्रसंगी पाहते. फरशीची चमक पैशाने आणता येते, पण समोरचा माणूस कशाने बुजला आहे हे ओळखून त्याप्रमाणे वागणे वर्षानुवर्षांच्या शिकवणुकीने येते.

ही शिकवण कुठून येते, याबद्दल हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक रोहित देशपांडे यांनी २००८ च्या हल्ल्यानंतर ताजच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून सहलेखिकेसह २०११ मध्ये लेख लिहिला होता. ताज समूह महानगरांपेक्षा लहान शहरांतील मुला-मुलींची आवर्जून निवड करतो आणि निवड करताना गुणपत्रिकेपेक्षा वडीलधाऱ्यांविषयीचा आदर आणि इतरांची काळजी घेण्याची वृत्ती पाहतो, असे निरीक्षण त्यात आहे. म्हणून आपल्या वडिलांना एवढेच सांगून ठेवावे की समोर उभा असलेला गणवेशातील तरुण कदाचित एखाद्या लहान गावातून आलेला असेल, आणि त्याच्याशी त्यांनी आपल्या विद्यार्थ्याशी बोलावे तसे मोकळेपणाने बोलावे. शिक्षकांना हे सहज जमते.

आता इमारतीविषयी. अपोलो बंदरावर समुद्राकडे तोंड करून दोन इमारती शेजारी-शेजारी उभ्या आहेत. लाल घुमटांची जुनी इमारत १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाली, तर उंच मनोरा १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याच्या शेजारी उभारला गेला. मनोऱ्यातील खोल्या चांगल्याच आहेत, सेवाही तीच आहे, आणि त्यांचे भाडे बहुधा कमी असते. तरीही आयुष्यात एकदाच जायचे असेल, तर जुन्या इमारतीत राहण्याला पर्याय नाही. तिचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केला. वैद्य १९०० साली वारले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुशास्त्रज्ञाने पुढे नेले. एका मराठी माणसाने आखलेली ही वास्तू आहे, ही गोष्ट आपल्या वडिलांना तेथे पोहोचण्यापूर्वीच सांगावी. सासूबाईंना मी ती गाडीतच सांगितली होती. त्यामुळे आत शिरल्यावर त्या दिव्यांच्या झुंबरांऐवजी कमानींकडे आणि कठड्यांकडे पाहू लागल्या.

इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि ते पाहून वास्तुशास्त्रज्ञाने आत्महत्या केली, ही दंतकथा आपल्यालाही कुणी ना कुणी ऐकवेल. तिच्यावर विश्वास ठेवू नये. इमारत पूर्ण होण्याच्या काही वर्षे आधीच वैद्य निवर्तले होते, आणि मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला, आज जेथे पोहण्याचा तलाव आहे तेथे, जाणीवपूर्वक ठेवले होते. पाहुण्यांच्या घोडागाड्या त्या बाजूने येत असत आणि समुद्राची बाजू खोल्यांसाठी राखलेली होती. ज्या गेटवे ऑफ इंडियाला आज आपण ताजचा शेजारी मानतो, त्याचे बांधकाम पूर्ण झाले ते १९२४ साली. म्हणजे हॉटेल उघडले तेव्हा खिडकीतून केवळ बंदर, गलबते आणि मोकळा समुद्र दिसत होता. हे हॉटेल उभारणारे जमशेटजी टाटा ते सुरू झाल्यानंतर काही महिन्यांतच, मे १९०४ मध्ये, जर्मनीत वारले. त्यांचा अर्धपुतळा मुख्य जिन्याच्या पायथ्याशी आहे.

त्या जिन्यासाठी वेळ काढावा, असे मी आग्रहाने सांगेन. मधल्या घुमटाखालून तो भिंतीच्या आधाराने वर चढत जातो आणि त्याला मध्ये एकही खांब नाही. तळाशी उभे राहून वर पाहिले की एकावर एक आलेले मजल्यांचे कठडे आणि अगदी वर घुमट दिसतो. आई-वडिलांना गुडघ्यांचा त्रास असेल तर उद्वाहनाने वरच्या मजल्यावर जावे आणि तेथून एक-दोन मजलेच सावकाश पायी उतरावेत. निवासी पाहुण्यांसाठी हॉटेलातर्फे इमारतीचा इतिहास सांगणारी फेरीही असते. तिची त्या दिवशीची वेळ पोहोचताच स्वागतकक्षात विचारून नावे नोंदवावीत. पहिल्या महायुद्धात येथे जखमी सैनिकांसाठी रुग्णालय होते आणि सरोजिनी नायडूंचा येथे दीर्घकाळ मुक्काम असे, असे संदर्भ त्या जागी उभे राहून ऐकले की मनात पक्के बसतात. वडील इतिहास शिकवत असतील तर ही फेरी त्यांना जेवणापेक्षाही अधिक आवडेल.

त्याच दिवशी जमल्यास दुपारचा चहा पहिल्या मजल्यावरील सी लाउंजमध्ये घ्यावा. तेथे खिडकीजवळचे टेबल आधीच मागून ठेवावे लागते. इंग्रजी पद्धतीच्या केक-सँडविचच्या जोडीने तेथे शेवपुरी आणि भेळही मिळते, त्यामुळे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना काय खावे हा प्रश्न पडत नाही. मुंबईतल्या कित्येक घरांत मुला-मुलींच्या पहिल्या भेटी, म्हणजे पाहण्याचे कार्यक्रम, याच जागी झाले आहेत. चाळीस वर्षांचा संसार झालेल्या जोडप्याला तेथे बसवण्यात एक वेगळाच आनंद आहे. त्या वेळी आपण थोडे दूर बसावे किंवा फेरफटका मारायला निघून जावे, असे मी सुचवेन.

खोली समुद्राच्या बाजूची घ्यावी की शहराच्या? भाड्यात बराच फरक असला तरी या एका गोष्टीत काटकसर करू नये. ज्यांना फार चालवत नाही त्यांच्यासाठी ती खिडकी म्हणजेच मुंबई असते. गेटवेपाशी जमलेली माणसे, कबुतरांचे थवे, घारापुरीला आणि मांडव्याला जाणाऱ्या बोटींची लगबग, आणि सूर्य चढत जाईल तसा बदलत जाणारा पाण्याचा रंग, हे सगळे खुर्चीत बसून दिसते. समुद्र पूर्वेला असल्यामुळे तेथून सूर्योदय दिसतो आणि पहाटे उठणाऱ्या माणसांची चांगली सोय होते. लग्नाचा वाढदिवस पावसाळ्यात येत असेल तर भाडे बहुधा हिवाळ्यापेक्षा कमी असते; बोटींची वर्दळ तेव्हा थंडावलेली असते, पण पावसातला समुद्रही पाहण्यासारखा असतो.

वडीलधाऱ्यांच्या काही गरजा आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवाव्यात. टबमध्ये पाय उचलून शिरणे साठीनंतर धोक्याचे ठरते, म्हणून उंबरठा नसलेल्या, वेगळ्या शॉवरची खोली मागावी आणि घसरू नये म्हणून रबरी चटईही ठेवायला सांगावी. वातानुकूलन किती ठेवायचे आणि पूर्ण बंद कसे करायचे, हे खोली दाखवायला येणाऱ्या व्यक्तीकडून आई-वडिलांसमोरच समजून घ्यावे. नाहीतर रात्रभर थंडीत कुडकुडून ते सकाळी "छान झोप लागली" असेच सांगतील. पातळ उशी आणि जादा पांघरूण मागितल्यास मिळते. खोलीत चहाची किटली असते, पण सोबत बहुतेक वेळा दुधाच्या पावडरीच्या पुड्या असतात आणि त्या चहाने आपल्याकडच्या माणसांचे समाधान होत नाही. आम्ही ताजे दूध मागितले, तेव्हा ते लहान भांड्यात गरम करून आणून दिले आणि सकाळी न सांगता पुन्हा आले. पहाटे साडेपाचला स्वतःच्या हाताने केलेला चहा घेऊन सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, आणि त्या मुक्कामाची आठवण निघाली की आजही त्या आधी त्या चहाविषयीच बोलतात.

काही खटकले तर लगेच आणि सौम्यपणे सांगावे. दुसऱ्या एका शहरातील मोठ्या हॉटेलात आम्हाला यंत्रांच्या आवाजाची खोली मिळाली होती. स्वागतकक्षाला फोन करताच दुसरी खोली दाखवली गेली आणि सामानही त्यांनीच हलवले. या दर्जाच्या हॉटेलात तक्रार करणे हे भांडण समजले जात नाही. निघताना सांगितलेल्या तक्रारीवर मात्र कुणालाच काही करता येत नाही. आई-वडील स्वतः काही बोलणार नाहीत, म्हणून रात्री झोपण्यापूर्वी आपणच त्यांच्या खोलीत एकदा डोकावून यावे.

ताजमध्ये २००८ च्या हल्ल्यात मृत्युमुखी पडलेल्यांच्या नावांचे स्मारक आहे. २६ नोव्हेंबरच्या रात्री सुरू झालेला हल्ला २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालला. मनोरा त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, तर जुनी इमारत दुरुस्तीनंतर १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडली. मृतांमध्ये पाहुण्यांना वाचवताना गेलेले कर्मचारीही होते. आनंदाच्या दिवशी आई-वडिलांना तेथे न्यावे की नाही, असा संकोच आपल्याला वाटू शकतो. माझ्या मते न्यावे. सासूबाईंनी तेथील नावे एकेक करून वाचली, हात जोडले, आणि त्यानंतर तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाशी त्या अधिक आपुलकीने बोलू लागल्या.

पैशांचे गणित थोडक्यात सांगते. एका रात्रीचे भाडे ७५०० रुपयांहून अधिक असले की खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि अशा हॉटेलातील उपाहारगृहांच्या बिलावरही तेवढाच लागतो. त्यामुळे जाहिरातीतील आकड्यावर विसंबून अंदाजपत्रक करू नये. न्याहारी भाड्यात धरलेली आहे का, हे विचारून घ्यावे. सेवाशुल्क सक्तीचे नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. बक्षिसी द्यायची असेल तर ज्यांनी खरोखर मदत केली त्यांच्या हाती स्वखुशीने द्यावी. आगमनाच्या वेळी कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवली जाते आणि ती नंतर मोकळी होते, हे वडिलांना आधी सांगावे, म्हणजे मोबाइलवर संदेश आल्यावर ते घाबरणार नाहीत. शक्य असल्यास आपलेच कार्ड द्यावे आणि दरपत्रके त्यांच्या नजरेस पडू देऊ नयेत. किंमत दिसली की ते फक्त इडलीच मागवतील. खोली दुपारी २ वाजता मिळते आणि दुसऱ्या दिवशी १२ वाजता सोडावी लागते, पण सामान ठेवून घेतात, म्हणून सांगलीची गाडी रात्रीची असली तरी अडचण येत नाही.

हे सर्व करूनही हिशेब आवाक्याबाहेर जात असेल, तर कर्ज काढून किंवा मन मारून राहू नये. दक्षिण मुंबईत एखाद्या स्वच्छ, साध्या हॉटेलात मुक्काम करावा आणि दुपारचा चहा तेवढा सी लाउंजमध्ये घ्यावा. टेबल राखून ठेवताना लग्नाचा चाळिसावा वाढदिवस असल्याचे आवर्जून सांगावे, आणि वडिलांचे पूर्ण नाव, "सर" जोडून, नोंदवायला लावावे.