तीव्र स्लीप ॲप्नियासाठी कोणते मशीन आणि कोणता मास्क घ्यावा?

झोपेत घसा बंद पडून श्वास थांबण्याच्या या आजारात आपला एएचआय, म्हणजे तासाभरात श्वास थांबण्याच्या किंवा उथळ होण्याच्या वेळांची सरासरी, 46 आला आहे, मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप मशीन एकाच दाबाचे साधे घ्यावे की दाब आपोआप कमीजास्त करणारे ऑटो असा आपला प्रश्न आहे, आणि विक्रेत्याने ‘आजार तीव्र आहे, म्हणजे नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठाच मास्क लागेल’ असे आपणास सांगितले आहे. मशीनचे उत्तर सोपे आहे: ऑटो घ्यावे, रात्रीची नोंद कार्डावर ठेवणारे घ्यावे, आणि दाबाची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. विक्रेत्याचे मास्कविषयीचे वाक्य मात्र चूक आहे. तेच वाक्य मी 2019 मध्ये आमच्या भावोजींच्या तोंडून ऐकले आणि त्याची किंमत मोजली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मी दापोली तालुक्यातला, हर्णैच्या अलीकडे माझी आंब्याची बाग आहे. चिपळूणच्या तपासणीत माझा एएचआय 52 निघाला, तेव्हा डॉक्टरांनी एक रात्र टायट्रेशनसाठी, म्हणजे झोपेत किती दाब पुरतो ते तपासण्यासाठी, काढून मग खरेदी करण्यास सांगितले होते. ताईचे यजमान डोंबिवलीला असतात. त्यांच्या कार्यालयातील एक गृहस्थ मशीन वापरत असल्यामुळे या विषयात आपल्याला सर्व कळते अशी त्यांची खात्री होती, आणि ‘टायट्रेशन म्हणजे पैसे काढण्याचा धंदा’ असे म्हणून गणपतीला येताना ते मशीन आणि मोठा मास्क घेऊनच उतरले. पैसे माझे, निवड त्यांची.

चाकरमान्यांनी भरलेल्या माजघरात त्या रात्री मी तो मास्क लावला. मला मिशी आहे, घाम होता, शिवाय सौभाग्यवतींच्या आग्रहाने डोक्याला भरपूर खोबरेल लावलेले, त्यामुळे सिलिकॉन गालावर ठरेना आणि फटीतून अशी शिट्टी वाजू लागली की पोरे उठून बसली. पट्टे आवळले तर नाकाच्या हाडावर जखम झाली. सैल केले तर गळती वाढे. दाब 4 ते 20 (हा सेंटिमीटर पाण्यात मोजतात) असा मोकळाच सोडलेला असल्याने मशीन दाब चढवीत राही, आणि पहाटे पोटात हवा भरून मी ढेकर देत बसे. भावोजींचा सल्ला एकच: ‘सवय होऊ द्या.’ गौरी-गणपतींचे विसर्जन झाले, ते परतले, आणि मशीन कपाटात गेले.

दोन महिन्यांनी खेडहून परतताना भर दुपारी मला डुलकी लागली आणि गाडी रस्त्याकडेच्या चरात उतरली. कोणाला इजा झाली नाही, पण बायकोने त्याच दिवशी मशीन बाहेर काढून कार्डासह मला डॉक्टरांपुढे बसवले. ज्या रात्री मी मशीन लावले होते, त्या रात्रींचा सरासरी वापर दीड तास, गळती मिनिटाला 41 लिटर आणि मशीन लावूनही एएचआय 19, असा तो हिशेब होता. डॉक्टरांनी फक्त नाकावर बसणारा मास्क दिला आणि दाब 7 ते 13 मध्ये बांधला. पंधरा दिवसांत एएचआय 3 वर आला व दाब दहाच्या आसपास स्थिरावला.

‘तोंड उघडे पडते, मग नाकाचा मास्क कसा चालेल?’ हा भावोजींचा मुद्दा अजूनही दर गणपतीला निघतो. नाकातून आलेली हवा मऊ टाळू आणि जीभ पुढे ढकलून घसा उघडा ठेवते. तीच हवा तोंडातूनही आत गेली की जिभेच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येऊन तो आधार कमी होतो, आणि आवळलेला मोठा मास्क खालचा जबडा मागे रेटतो. अनेकांचे तोंड घसा बंद पडल्यामुळेच उघडते, त्यामुळे उपचार लागू पडला की ते पुष्कळदा मिटते. 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी सीपॅपचा पहिला प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हाचे पाचही रुग्ण तीव्र आजाराचे होते, हवा नाकातूनच दिली होती आणि दाब साडेचार ते दहा सेंटिमीटर पुरला होता. एएचआयच्या आकड्यावरून मास्कचा आकार ठरवणे म्हणजे तापाच्या आकड्यावरून चादरीची लांबी मोजणे होय.

आपणही किनाऱ्यावरच राहता असे प्रश्नात लिहिले आहे, म्हणून थोडे आणखी. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की मी ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) बंद ठेवतो, नाहीतर नळीत पाणी साचून गुडगुडते. वापरायचाच असेल तर मशीन उशीपेक्षा खाली ठेवावे, म्हणजे ते पाणी नाकाकडे येत नाही. झोपण्यापूर्वी चेहरा साबणाने धुवावा आणि खोबरेल मास्कपासून दूर ठेवावे. वीज जाणारच हे गृहीत धरून इन्व्हर्टर ठेवावा. ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद केली की बॅटरी कितीतरी अधिक टिकते. जून 2020 मधील निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या वाडीत बरेच दिवस वीज नव्हती, तेव्हा जनरेटरवर दुसऱ्याच्या घरी बॅटरी भरून आणून मी रात्री काढल्या. मास्क मात्र बदलून देण्याची लेखी हमी असल्याशिवाय घेऊ नये, कारण इथून मुंबई-पुण्याला परत पाठवण्यातच हौस फिटते.

हे सर्व माझ्या नाकाचे अनुभव आहेत. आपल्या नाकाचा पडदा वाकडा असेल, नाकात मांस वाढले असेल किंवा नाक सतत चोंदत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. काहींना मोठा मास्क खरोखरच लागतो. हृदय कमजोर असेल, किंवा अहवालात सेंट्रल प्रकारचे, म्हणजे घसा बंद न पडता मेंदूकडून श्वासाचा संदेशच न आल्याने होणारे, श्वासाचे खंड अधिक असतील, तर मशीनही मी वर सांगितले त्याहून वेगळे लागू शकते आणि तो निर्णय डॉक्टरांचाच. सर्दीच्या दिवसांत मीसुद्धा भावोजींनी आणलेला तो मोठा मास्क काढून लावतो. तेवढे फक्त त्यांच्या कानावर गेलेले नाही.