प्रोसेस सिस्टिम्सच्या एमएससाठी फ्लॅट तारण ठेवावा का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वाचकांनी विचारलं आहे: "माझं वय ५७, निवृत्तीला तीन वर्षं. मुलगी म. स. विद्यापीठाची केमिकल इंजिनिअर. दोन वर्षं एका कन्सल्टन्सीत सिम्युलेशनचं काम करते, हातात ५५ हजार येतात. तिला अमेरिकेत प्रोसेस सिस्टिम्स इंजिनिअरिंगमध्ये एमएस करायचं आहे. दोन वर्षांचा खर्च ६२ लाख. २२ लाखांची मुदतठेव मोडून बाकी ४० लाखांचं शैक्षणिक कर्ज फ्लॅट तारण ठेवून, साडेदहा टक्क्यांनी घ्यावं म्हणतो. घेऊ का?"

नका घेऊ. मुलीने जरूर शिकावं, पण या रस्त्याने नको.

आधी हिशेब. दर सहामाहीला दहा लाख असं कर्ज उचललं आणि शिक्षण संपून सहा महिन्यांनी हप्ते सुरू झाले, तर तोवर सरळव्याजानेच सात लाखांहून जास्त चढलेले असतात. म्हणजे फेड ४७ लाखांपासून सुरू होणार आणि दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता बसणार ६४ हजारांच्या घरात. तिच्या आजच्या पगारापेक्षा जास्त! शिवाय नोकरी सोडल्यामुळे दोन वर्षांचे १३ लाख बुडतात, ते वेगळेच. ६२ लाखांचा खर्च असा ८२ लाखांच्या पुढे जातो. हप्ते सुरू होतील तेव्हा तुमचा पगार थांबायला जेमतेम काही महिने उरलेले असतील, आणि बँकेकडे कागद असतील ते तुमच्या राहत्या घराचे.

तिकडे नोकरी लागली तर डॉलरमध्ये हे सहज फिटतं, हे खरं. एमएसनंतर ओपीटीवर, म्हणजे शिक्षण संपल्यावर काम करायच्या तात्पुरत्या परवानगीवर, एक आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी दोन, अशी तीन वर्षं काम करता येतं. पुढचा व्हिसा मात्र तिच्या हुशारीवर ठरत नाही. म्हणून परदेशी शिक्षणाच्या कर्जाला मी एकच कसोटी लावतो. मुलगी परत आली, तर इथल्या पगाराच्या एक तृतीयांशात हप्ता बसतो का? परतल्यावर हातात ९० हजार धरले (मी जरा सढळच धरतोय), तर हप्ता ३० हजार आणि कर्ज साधारण १९ लाख. चाळीस कुठे, एकोणीस कुठे.

आता विषयाबद्दल, कारण निर्णय खरा तिथे आहे. एकेक रिॲक्टर (रासायनिक क्रिया होते ते पात्र) किंवा कॉलम (मिश्रण वेगळं करणारा मनोरा) सुटा न बघता अख्खा प्लांट गणितात मांडायचा आणि त्यातून सर्वांत फायद्याचा मार्ग काढायचा, हा याचा गाभा. मोठ्या रिफायनरीत कोणतं क्रूड (कच्चं तेल) किती घ्यायचं हे लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे मर्यादा सांभाळून सर्वांत जास्त फायदा काढणाऱ्या गणिताच्या, मॉडेलवर ठरवतात. ॲडव्हान्स्ड प्रोसेस कंट्रोल (मॉडेलच्या मदतीने प्लांटचं आपोआप नियंत्रण), उत्पादनाचं वेळापत्रक, ऑपरेटरांच्या प्रशिक्षणाचे सिम्युलेटर ही सगळी याच घराण्यातली कामं. बडोद्यात बसून हे कळायला अवघड नाही: कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे, दहेजचा रासायनिक उद्योगांचा पट्टा फार लांब नाही, आणि शहरात इंजिनिअरिंग कंपन्यांची डिझाइन ऑफिसं आहेत. काम मोलाचं आहे. पण एवढ्या मोठ्या रिफायनरीत प्लॅनिंगच्या खुर्च्या किती असतात, हे तुमच्या ओळखीच्या कुणा तिथल्या माणसाला विचारा. मोजक्याच. आणि त्या देताना डिग्रीच्या नावापेक्षा प्लांटची जाण आणि मॉडेल बांधायचा हात बघतात.

दुसरी गोष्ट अशी की हा विषय मुळात संशोधनातून वाढला आहे. अमेरिकेतलं कार्नेगी मेलन, लंडनचं इंपीरियल, जर्मनीतलं आखेन इथले त्यातले गट नावाजलेले आहेत. अमेरिकेत केमिकलच्या पीएचडीला बी.ई.नंतर थेट अर्ज करता येतो. तिथे फी सहसा विभाग भरतो, वर दरमहा स्टायपेंड मिळतो. एमएसला बहुतेक वेळा आपल्यालाच भरावं लागतं. पाच-एक वर्षं जातील आणि २०२५ पासून तिथल्या संशोधन निधीला कात्री लागल्याने चुरसही वाढली आहे. तरी डोक्यावर कर्ज नसेल. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, खात्यात दाखवावे लागतात. पहिल्या वर्षाची ही रक्कम १९ लाखांच्या मर्यादेत बसते, दुसऱ्या वर्षाची सगळी बसत नाही. मात्र नोकरी हवी तर जर्मन शिकावं लागेल, आणि तेही मनापासून.

घराजवळचा रस्ता गेटचा, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेचा. त्यातून एमटेकला गेलं तर महिना १२,४०० रुपये मिळतात. बुडालेला पगार वजा जाता दोन वर्षांत साधारण दहा लाखांचा फटका बसतो, अधिक फी. आयआयटी मुंबईत या विषयाचं काम जुनं आणि भक्कम आहे.

तिला मी सहा महिने थांबायला सांगेन. एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ) ऑप्टिमायझेशनचा, म्हणजे सर्वांत फायद्याचा मार्ग काढण्याच्या गणिताचा, कोर्स फुकट आहे. डीडब्ल्यूसिम, पायोमो, आयपॉप्ट ही सिम्युलेशनची आणि ऑप्टिमायझेशनची सॉफ्टवेअरही फुकट. ऑफिसातलाच एखादा प्रश्न, गोपनीय आकडे बदलून, तिने स्वतः मॉडेल करून सोडवावा. रात्री जेवण विसरून त्यात बसली तर पीएचडीचे अर्ज भरायचे. कंटाळली तर ८२ लाख वाचले.

कर्ज काढलंच, तर ते तिच्या नावावर मुख्य आणि तुम्ही सहकर्जदार असं घ्या. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची करवजावट फक्त जुन्या कररचनेत मिळते, तीही आठ वर्षं. इथे कर न भरणाऱ्याला तिचा उपयोग शून्य.

मुदतठेवीला हात लावू नका. मुदत संपली की निवृत्तीच्या तारखेपर्यंतच नूतनीकरण करा, आणि मग ती ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत वळवा. तिथली मर्यादा ३० लाख आहे, तुमचे २२ त्यात आरामात बसतात.