एक मिलिमीटरचा कोळी नवा आहे, हे कसं ठरवतात?

आंबोलीला पाचोळ्यात एक मिलिमीटरचा नारिंगी कोळी दिसला, मोबाइलवर फोटो काढला, नेटवर तसा कुठेच सापडत नाही. मग ही नवी प्रजाती असेल का आणि नाव मला ठेवता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

असू शकते. सह्याद्रीतला पाचोळा चाळून त्यातले कोळी नीट पाहणारी माणसं फार थोडी आहेत. पण फोटोवरून ते कुणालाच सांगता येणार नाही. वर्णनावरून तो ऊनोपिडी कुळातला वाटतो. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, यांना बहुधा सहाच. रंगरूपानं हे सगळे एकमेकांसारखेच. खरा फरक जननेंद्रियांत. म्हणून कोळी पूर्ण वाढलेला लागतो. शेवटची कात टाकायची राहिली असेल तर गाडी तिथेच अडते.

नराच्या तोंडाजवळ पायांसारखे दोन आखूड अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात; मीलनात नर हेच वापरतो. वयात आलेल्या नरात त्यांची टोकं फुगलेली असतात आणि प्रत्येक प्रजातीत त्यांची घडण वेगळी असते. एका पाल्पचं चित्र काढण्यात माझी अख्खी सकाळ गेलेली आहे. अल्कोहोलमध्ये कोळी सारखा कलंडतो, म्हणून बशीच्या तळाशी बारीक वाळू घालायची, सुईनं खळगा करायचा, त्यात त्याला टेकवायचं. एक बाजू झाली की पुन्हा वळवायचा. मादीचे आतले अवयव लवंगाच्या तेलात ठेवले की हळूहळू पारदर्शक होतात, नळ्यांची वळणं दिसू लागतात. आकार लहान म्हणून हे काम अडत नाही. कोलंबियातल्या पाटू डिगुआ या कोळ्याचं वर्णन १९७७ साली झालं, त्याच्या नराचं शरीर जेमतेम ०.३७ मिलिमीटर!

खरा कस पुढे लागतो. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून जास्त प्रजातींची नोंद आहे. त्यातल्या जवळच्या प्रत्येकीचं मूळ वर्णन काढून ताडून पाहायचं. जुनी वर्णनं कधी चार ओळींची, कधी फक्त मादीची. मी नवा समजलेला एक नर अशाच जुन्या मादीचा जोडीदार निघाला. वाईट वाटलं, पण त्या प्रजातीचा नर पहिल्यांदा नोंदला गेला, हेही मोलाचंच.

नाव ठेवतो तो वर्णन प्रसिद्ध करणारा. सापडणाऱ्याचा तो हक्क नसतो. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागातल्या एका कोळ्याला इसियस तुकारामी नाव मिळालं. २६/११च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या नावाला लॅटिन षष्ठीचा प्रत्यय लावून ते केलंय. मला ते नाव फार आवडतं.

वन विभागाच्या परवानगीशिवाय कोळी गोळा मात्र करू नका. ज्या नमुन्यावरून नाव ठरतं, तो २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार भारतीय प्राणी सर्वेक्षणासारख्या अधिकृत संग्रहात जमा करावा लागतो. तुमच्या हातात आज एवढं आहे: तारीख, वेळ, नेमकी जागा आणि पाचोळा कुठल्या झाडाखालचा होता, हे विसरायच्या आत लिहून ठेवा आणि फोटोसकट कोळ्यांवर काम करणाऱ्या एखाद्या प्राध्यापकांना पाठवा. परवानगी घेऊन तिथे जाणाऱ्याला नेमकी तीच जागा चाळता येईल.