‘एस. ऑक्सन’ कोण?

प्रश्न : जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात मला एक हस्तलिखित इंग्रजी पत्र सापडलं. वर ‘कडझडन’ असं ठिकाण आहे, तारीख आहे पण साल नाही. खाली सही ‘एस. ऑक्सन’. मजकूर एवढाच की, ठरल्या दिवशी येणं जमणार नाही. हे ऑक्सन कोण? एवढ्याशा चिठ्ठीला काही मोल असतं का? घडीवर ती फाटायला लागली आहे, लॅमिनेट करू का?

उत्तर : लॅमिनेट करू नका. कागदावर एकदा चढलेलं प्लास्टिक सुखरूप उतरत नाही. माझ्या संग्रहाच्या सुरुवातीला मी एका पत्राच्या घडीला चिकटपट्टी लावली होती. काही वर्षांनी पट्टी सुटून आली, पण तिचा तपकिरी डाग दोन ओळींवर कायमचा बसला. ते पत्र हातात घेतलं की आजही मन खट्टू होतं. चिठ्ठी आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, उजेड लागू देऊ नका. फाट सांधायचीच असेल तर जपानी कागद आणि गव्हाची खळ वापरणाऱ्या जाणकाराकडूनच सांधून घ्या.

आता ऑक्सन. हे आडनाव नव्हे. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे बिशप आपल्या नावापुढे धर्मप्रांताचं लॅटिन नाव जोडून सही करतात. ऑक्सन म्हणजे ऑक्सफर्ड, एबॉर म्हणजे यॉर्क, कँट्वार म्हणजे कँटरबरी. ऑक्सफर्डजवळच्या कडझडनला तिथल्या बिशपांचा वाडा होता. तेव्हा तुमचे ‘एस.’ बहुधा सॅम्युअल विल्बरफोर्स, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेल्या विल्यम विल्बरफोर्स यांचे चिरंजीव. ते १८४५ ते १८६९ या काळात ऑक्सफर्डचे बिशप होते. पुढे विंचेस्टरला गेल्यावर त्यांची सही ‘एस. विंटन’ झाली. म्हणजे साल नसलं तरी चोवीस वर्षांची चौकट सहीनेच आखून दिली!

पण आधी एक खात्री करा. त्या काळच्या चरित्रग्रंथांत पत्राची हुबेहूब छापील प्रत घालायची पद्धत होती. ती पानं सुटतात आणि अस्सल म्हणून फिरतात. भिंगातून पाहा. टाकाने लिहिलेल्या ओळीत शाई कुठे दाट, कुठे फिकी होते, दाबाची रेघ कागदात उतरते. छापील प्रतीत शाई सगळीकडे सारखीच दिसते.

चिठ्ठीच्या मोलाबद्दल माझं मत ठाम आहे : अशीच पत्रं जमवावीत. विल्बरफोर्स यांचं तीन खंडांचं चरित्र १८८० ते १८८२ मध्ये निघालं, ऑक्सफर्डचे धर्मपंडित पुसी यांचं पुढे चार खंडांत आलं. ही चरित्रं बहुधा मुलगा, विधवा पत्नी किंवा शिष्य यांच्या हातून व्हायची. कलकत्त्याचे बिशप हेबर यांचं चरित्र त्यांच्या पत्नीनेच १८३० साली प्रसिद्ध केलं. जवळच्या माणसांनी पत्रं निवडताना मोठे वाद, मोठे विचार ठेवले. नावांच्या जागी रेघा मारल्या आणि ‘येता येत नाही’ छापाच्या चिठ्ठ्या बाजूला सारल्या. कार्डिनल न्यूमन यांच्या पत्रांना आणि रोजनिशींना ३२ खंड मिळाले, तेही १९६१ ते २००८ अशा दीर्घ काळात. ते भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. बाकीच्यांचा रोजचा दिवस तुमच्यासारख्यांच्या पाकिटात उरतो.

म्हणून पत्राच्या जोडीला चरित्र घ्या, आणि घ्याल तर सगळे खंड एकदम. सुटा दुसरा खंड स्वस्तात मिळतो, पण त्याचा जोडीदार शोधण्यात वर्षं जातात. त्या खंडांत बिशपांच्या फिरतीचा माग निघतो. तुमच्या तारखेशी वारही लिहिलेला असेल तर चोवीसांतली तीन-चारच सालं उरतील. शिवाय कागद उजेडासमोर धरा. कित्येक इंग्रजी कागदांच्या जलचिन्हात, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या खुणेत, साल असतं आणि चिठ्ठी त्याच्या आधीची असू शकत नाही. तुम्हाला ते दिसलं तर जरूर कळवा.